खंडेनवमीआधी मशीनला कोणता रंग द्यावा?

गणपती गेले की लालबाग-परळचे रंगारी मोकळे होतात आणि गाळेवाल्यांना आपल्या लेथवरचे सुटलेले पापुद्रे अचानक दिसायला लागतात. नवमीला मशीनची पूजा करायची, तर ते जरा बरं दिसायला हवं. मग दरवर्षीचे तेच प्रश्न येतात. हिरवाच द्यावा का? पांढरा दिला तर आठवड्यात मळेल का? मूळचा रंग कसा ओळखायचा? शेड कार्डवर पसंत केलेला राखाडी मशीनवर निळा का दिसतोय?

घोळ होतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने. आपण शेड कार्ड सगळ्यांत आधी उघडतो, आणि ते उघडायचं असतं सगळ्यांत शेवटी. त्याआधी आपण काय कापतो, कुठल्या उजेडात कापतो आणि मशीनवर पाणी पडतं की नुसतं तेल, ही उत्तरं हाताशी हवीत. रोज आठ तास त्या मशीनवर वाकणाऱ्या माणसाला जॉब नीट दिसतो का, हा खरा मुद्दा. दारातून आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला मशीन कसं दिसतं, ते नंतर पाहू.

आधी धुऊन पाहा

वीस-पंचवीस वर्षांचं तेल सुकून मशीनवर काळपट वार्निशासारखा थर बसतो. रॉकेल, तारेचा ब्रश, मग साबणाचं कोमट पाणी आणि लगेच कोरडं फडकं, एवढं दोन दिवस करा. परळच्या एका गाळ्यात ‘काळा’ म्हणून ओळखला जाणारा शेपर अशा धुण्यातून चक्क राखाडी-हिरवा निघाला आणि रंगाचा खर्च वाचला. रंग फक्त कोपऱ्यांवर आणि हातांच्या जागी उडाला असेल, तर तेवढाच भाग दुरुस्त करा. रंग टरफलासारखा सुटत असेल किंवा खाली गंज धरला असेल, तरच पूर्ण काम काढा.

मूळ रंग कुठे सापडतो

मशीनच्या दर्शनी भागावरचा रंग हा शेवटच्या रंगाऱ्याचा असतो. कंपनीचा रंग पाहायचा तर गियर बदलण्याच्या कव्हराची आतली बाजू, मोटरच्या खालचा पत्रा, टेलस्टॉकची मागची बाजू किंवा नेम प्लेट काढल्यावर तिच्या मागे उरलेला चौकोन पाहा. गिरणीच्या वर्कशॉपमधून आलेल्या मशीनवर ब्लेडने एक छोटा उतार खरवडलात, तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. वरती निळा, खाली हिरवा, त्याखाली गडद राखाडी आणि तळाला लाल ऑक्साइड.

मूळ रंग द्यायलाच हवा का? मशीन जुनं, नावाजलेलं आणि पूर्ण अवस्थेत असेल, तर द्या. एचएमटी किंवा किर्लोस्करच्या जुन्या लेथला तो शोभतोही. पण जास्त भाव यावा म्हणून रंग देत असाल, तर थांबा. दारुखान्यात किंवा नागदेवीच्या आसपास जुनी मशीन पारखणारा जाणता माणूस ताजा रंग दिसला की सावध होतो. तो आधी बेडवर बोट फिरवून चकजवळची झीज पाहतो. तुम्ही स्वतः जुनं मशीन घ्यायला गेलात, तर तुम्हीही तेच करा. कास्टिंगची चीर लांबी (पुट्टी) आणि रंगाखाली सहज लपते.

तुम्ही काय कापता?

डोळा फरकावर चालतो. जॉब आणि त्यामागचा पृष्ठभाग एकाच छटेचे असले की कड शोधायला डोळ्याला ताण पडतो. राखाडी मशीनवर राखाडी माइल्ड स्टील कापणारा टर्नर संध्याकाळी डोळे चोळतो, त्याचं एक कारण हेही असतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत फेबर बिरेन या रंगतज्ज्ञाने कारखान्यांसाठी याच विचारावर काम केलं. मशीनचा मुख्य भाग शांत रंगाचा ठेवायचा आणि जिथे नजर खिळते तिथे, म्हणजे जॉबच्या मागे, जॉबच्या विरुद्ध जाणारी फिकी छटा द्यायची. आपल्या गाळ्यात ते असं उतरवता येईल:

- स्टील आणि कास्ट आयर्न यांचा करडा-निळसर जॉब फिक्या क्रीम किंवा बदामी रंगापुढे उठून दिसतो. चिप ट्रे आणि मागचा स्प्लॅश गार्ड एवढेच क्रीम ठेवले तरी पुरतं.
- पितळ आणि तांब्याला फिका निळा किंवा निळसर राखाडी चांगला. बुशिंग, नळाचे सुटे भाग, मूर्तींचे पितळी साज करणाऱ्यांनी क्रीम टाळावा, पिवळ्यावर पिवळं हरवतं.
- ॲल्युमिनियमला मध्यम हिरवा किंवा मध्यम राखाडी. चंदेरी किंवा पांढरा नको.
- रोज वेगळं काम येत असेल, तर फिका राखाडी-हिरवा हा सगळ्यांशी जुळवून घेणारा रंग आहे. जुन्या जर्मन मशीनवर दिसणारा हिरवा, आरएएल या जर्मन रंगयादीत ६०११ क्रमांकाचा रेसेडा, हा याच घराण्यातला, फक्त थोडा गडद.

थोडक्यात, अख्खं मशीन एकाच रंगाचं असलं पाहिजे असं काही नाही. बॉडी एका रंगात आणि जॉबच्या मागचा पत्रा दुसऱ्या रंगात, ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी सुधारणा. ती करणारे मात्र मोजके.

गाळ्यातला उजेड

गिरगाव-खेतवाडीच्या तळमजल्यावरच्या जागेत दिवसाही दिवे लागतात. लोअर परळच्या औद्योगिक इस्टेटीत वरच्या मजल्यावर खिडकी असते, पण समोर काचेचा टॉवर उभा. दोन्हीकडे एकच शेड दोन तऱ्हांनी दिसते. पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली राखाडी निळसर होतो आणि क्रीम मलूल पडतो. पिवळसर दिव्याखाली निळा मळकट होतो. शेड कार्डचा बोटभर तुकडा, तोही दुकानाच्या दारातल्या उन्हात पाहिलेला, तुम्हाला यातलं काहीच सांगत नाही.

म्हणून सर्वांत लहान डबा आणा. फूटभर पत्र्याला प्रायमर लावून वर रंगाचे दोन हात द्या आणि तो पत्रा हेडस्टॉकजवळ दोन दिवस टांगा. त्यावर तेलाचा हात पुसा. रात्रीच्या दिव्यात पाहा, मशीनवर काम करणाऱ्याला पाहायला सांगा. रंग मालक निवडतो आणि त्याच्याकडे बघत दिवस काढतो कारागीर, हे विसरलं जातं.

रंग किती फिका असावा, याचाही अंदाज आहे. प्रकाशयोजनेत यंत्राच्या पृष्ठभागाने पडलेल्या उजेडापैकी साधारण २५ ते ४५ टक्के उजेड परत टाकावा, असं धरतात. म्हणजे पांढराही नको आणि युद्धनौकेसारखा काळपट राखाडीही नको. चकाकी मध्यम असू द्या. दुकानात सेमी ग्लॉस किंवा सॅटिन मागा. फुल ग्लॉसमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब थेट डोळ्यांत येतं, आणि अगदी मॅटमध्ये तेलाचा हात कायमचा मुरतो.

पर्याय आणि त्यांचे गुणदोष

- गडद राखाडी: मळ लपवतो म्हणून लोकप्रिय. पण तो तेलाची गळती आणि बारीक चीरही लपवतो. अंधाऱ्या गाळ्यात घेऊ नका.
- फिका राखाडी: भारतीय मानक आयएस ५ मधला ६९२ स्मोक ग्रे किंवा आरएएल ७०३५. बॉडीसाठी बहुतेकांना हाच योग्य. पुढे टच-अपला सहज मिळतो.
- फिका हिरवा: डोळ्यांना सोपा, जुन्या मशीनला शोभतो. दुकानदार ‘मशीन ग्रीन’ म्हणून काहीही देतो, तेव्हा नंबर घेतल्याशिवाय घेऊ नका.
- निळा: दरवाजे, कव्हर, स्टँड यांना छान. संपूर्ण गडद निळं मशीन छोट्या जागेत जड वाटतं.
- पांढरा, क्रीम: टूल रूम, ग्राइंडर, मोजमापाचं काम अशा ठिकाणी उत्तम, कारण गळतीचा पहिला थेंब दिसतो. कास्ट आयर्नची काळी भुकटी उडते तिथे पस्तावाल.
- हॅमरटोन: ठोकल्यासारखा पोत. खडबडीत कास्टिंग झाकतो आणि लांबीचं काम वाचवतो. पण खरचटल्यावर टच-अप जुळतच नाही, ठिगळ दिसतं. माझं मत विचाराल तर बेंच ग्राइंडर आणि टूल कपाटाला द्या, लेथला नको.
- चंदेरी: दोन आठवडे देखणा. पुढे हाताला लागतो आणि दिव्याखाली चमकतो.

लाल आणि पिवळा राखून ठेवा

चिंचपोकळीच्या एका गाळ्यात शुभ म्हणून अख्खं ड्रिलिंग मशीन लालभडक केलं होतं. त्यावरचं बंद करायचं लाल बटण शोधायला मला दोन सेकंद लागली. बाही अडकलेल्या माणसाजवळ दोन सेकंद नसतात.

- आपत्कालीन बटण लाल, त्यामागचं वर्तुळ किंवा पट्टी पिवळी. जवळपास दुसरं काहीही लाल ठेवू नका. खरा लाल हवा असेल तर आयएस ५ मधला ५३७ सिग्नल रेड.
- डोकं आपटेल, पाय अडखळेल किंवा बाहेर सरकणारा टेबल लागेल, तिथे पिवळा-काळा पट्टा. पिवळ्यासाठी ३५६ गोल्डन यलो चालतो.
- पट्ट्याच्या आणि गियरच्या कव्हराची आतली बाजू नारिंगी करा. कव्हर उघडं राहिलं की लांबूनही ओरडून सांगतं. छटाकभर रंगाचं काम आहे.

गार्ड रंगवायला काढले आणि मग ‘जरा एक जॉब उरकू’ म्हणून तसंच मशीन चालू केलं, हे दरवर्षी कुठेतरी होतं. फिरत्या भागांना आवरण असणं ही मालकाची जबाबदारी आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातही ती स्पष्ट लिहिलेली होती. गाळा त्या कायद्याच्या कक्षेत येण्याएवढा मोठा नसला तरी बोटं सगळ्यांची सारखीच.

नावाने नको, नंबराने मागा

‘सी ग्रीन’ हे नाव चार कंपन्यांच्या चार रंगांना असतं. भारतीय मानक आयएस ५ आणि जर्मनीत १९२७ मध्ये सुरू झालेली आरएएल यादी, या दोन्हींत रंगाला क्रमांक असतो. तो बिलावर लिहून घ्या. तसं पाहिलं तर आपण रंगाच्या गावातच राहतो. आजची नेरोलॅक १९२० मध्ये लोअर परळला गहागन पेंट्स म्हणून सुरू झाली, आणि एशियन पेंट्सचा जन्म १९४२ मध्ये गिरगावातल्या गायवाडीत, एका गॅरेजमध्ये. तरीही जुन्या मशीनला जुळणारा रंग ‘डोळ्याने मिक्स करून देतो’ असं सांगणारे भेटतात. घ्यायला हरकत नाही, पण पुढच्या वर्षी टच-अपला तोच रंग पुन्हा मिळणार नाही हे धरून चला. टिंटिंग मशीनवर बनवलेल्या डब्यावर फॉर्म्युल्याचं लेबल असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

रंगाची जात

छटेपेक्षा इथली चूक महाग पडते.

- सिंथेटिक इनॅमल: ब्रशने लागतो, स्वस्त, कुठेही मिळतो. नुसतं तेल लागणाऱ्या मशीनला पुरेसा. पण सोल्युबल ऑइलचं दुधाळ पाणी अल्कधर्मी असतं. चिप ट्रेमध्ये ते साचून राहिलं की इनॅमल मऊ पडून सुटतो.
- इपॉक्सी: दोन डब्यांचा. कूलंट चालणाऱ्या लेथला, मिलिंगला हाच. उन्हात फिकटतो, पण गाळ्यात ऊन कुठलं.
- पीयू (पॉलियुरेथेन): दोन डब्यांचा, सर्वांत टिकाऊ आणि देखणा. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, फवाऱ्यातून ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क इथे निरुपयोगी. योग्य श्वसनयंत्र आणि मोकळी हवा नसेल, तर हा रंग घेऊ नका.
- एनसी (नायट्रोसेल्युलोज): झटपट वाळतो, थिनरने तेवढ्याच झटपट निघतो. दमट हवेत पांढुरका पडतो.

जुन्या इनॅमलवर इपॉक्सी, पीयू किंवा एनसी चढवला, तर कडक थिनरमुळे खालचा रंग सुरकुततो. थिनरचं फडकं कोपऱ्यावर मिनिटभर दाबून पाहा. रंग मऊ झाला तर वर इनॅमलच द्या, नाहीतर जुना पूर्ण काढा. साडेचार-सहा फुटी लेथला सिंथेटिकचा एक लिटर दोन हातांना साधारण पुरतो.

जुना रंग खरवडताना

घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या वर नसावं, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. औद्योगिक रंग त्यात येत नाहीत, आणि तुमच्या मशीनवरचे जुने थर तर त्याच्या कितीतरी आधीचे. जुना पिवळा, नारिंगी, हिरवा आणि खालचा शेंदरी प्रायमर यांत शिसं असू शकतं, असं समजूनच वागा.

- कोरडं घासू नका. पॉलिश पेपर पाण्यात भिजवून वापरा. ग्राइंडरला वायर व्हील लावून भुकटी उडवणं तर मुळीच नको.
- गॅसच्या ज्योतीने रंग जाळू नका, शिशाचा धूर होतो.
- ओलं खरवडण खाली प्लॅस्टिकवर गोळा करा. झाडूने उडवू नका.
- ते कपडे घरी नेऊन मुलांच्या कपड्यांत धुऊ नका. चाळीत घर आणि गाळा शेजारी असेल, तर मुलांना त्या दोन दिवसांत तिकडे फिरकू देऊ नका.
- नवा औद्योगिक रंग घेताना डब्यावर शिसेविरहित लिहिलंय का ते पाहा, विशेषतः पिवळा आणि नारिंगी.

स्प्रे मारणार असाल, तर इस्टेटीच्या सोसायटीला आधी विचारा. अनेक इस्टेटींत आता शेजारी कार्यालयं आहेत. वासाची तक्रार होते, आणि थिनरच्या वाफेला एक ठिणगीही पुरते. ब्रशने काम थोडं रेषाळ दिसेल, पण भांडण टळेल. रंगाने आणि तेलाने भिजलेली फडकी कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात टाका.

इथे रंग लागता कामा नये

- बेड आणि सगळे सरकते पृष्ठभाग, स्पिंडलचं नाक, टेलस्टॉकची नळी
- डायलवरचे आकडे, तेलाची काच, ऑइल निप्पल
- अर्थिंगचा बोल्ट आणि त्याखालची जागा, कारण रंगाचा थर आला की अर्थिंग तुटतं
- नेम प्लेट. तिच्यावरच्या नंबराशिवाय सुटे भाग मागवणं, विमा आणि बँकेची तपासणी, सगळंच अवघड होतं.

मास्किंग टेप महाग वाटला तर ग्रीस फासा आणि वर वर्तमानपत्र चिकटवा. फक्त ग्रीसचं बोट रंगवायच्या भागाला लागू देऊ नका, तिथे रंग धरणार नाही.

दिवसांचा हिशेब

अनंत चतुर्दशी ते नवमी मिळतात साधारण २४ दिवस. पितृपक्षात नवं काम नको म्हणून बरेच जण घटस्थापनेला हात घालतात आणि नवमीला ओल्या रंगावर हार चढवतात. धुणं-खरवडणं हे काही शुभकार्य नाही, ते पितृपक्षात करायला पूर्वजांची हरकत नसावी. खरवडायला दोन-तीन दिवस, लांबी भरून घासायला दोन-तीन, प्रायमरला एक, दोन हातांना दोन. त्यापुढे इनॅमल हाताला कोरडा लागला तरी कडक व्हायला आठवडा घेतो. त्यात परतीचा पाऊस आला, तर दोन दिवस वाढवा.

चिठ्ठी, बिल आणि तक्रार

रंगाऱ्याशी तोंडी ठरवू नका. कशाकशाला रंग, जुना पूर्ण काढायचा की नाही, लांबी कोणाची, हात किती, सामान कोणाचं, हे एका चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करा. निम्मे पैसे प्रायमर पाहिल्यावर द्या, कारण तो झाकला गेला की खालचं काम कोणालाच दिसत नाही.

डब्यावर उत्पादनाचा महिना-वर्ष, किंमत, निव्वळ प्रमाण आणि उत्पादकाचा पत्ता छापलेला हवा. दोन डब्यांच्या रंगात दोन्हींची तारीख पाहा. जीएसटीचं बिल घ्या. ‘मशीनसाठी घेतलं म्हणजे धंद्याचं, ग्राहक कायदा लागू नाही’ असं दुकानदार ऐकवतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी वगळली आहे हे खरं, पण स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यापुरती घेतलेली वस्तू वगळलेली नाही. एकट्याने लेथ चालवणारा कारागीर तक्रार करू शकतो. मुदत दोन वर्षांची. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोला, आणि बिघडलेल्या रंगाचे फोटो व उरलेला डबा फेकू नका.

पूजेच्या दिवशी

हळद-कुंकू ताज्या, फिक्या रंगावर थेट लावलंत तर गुलाबी डाग उरतो. हेडस्टॉकवर आधी छोटं पान किंवा कागद चिकटवा आणि त्यावर स्वस्तिक काढा. झेंडूचा हार चकला न घालता टेलस्टॉकला घाला. चकलाच घालायचा असेल, तर मशीनचा मुख्य स्विच बंद करून त्यावर चिठ्ठी लावा, आणि दसऱ्यानंतर पहिल्यांदा मशीन सुरू करण्याआधी हार दोऱ्यासकट काढलाय ना, ते हाताने चाचपून पाहा.